आधी कच्चा टाका

घरी शिवायला लागलेल्या बहुतेक जणी पहिली कात्री ब्लाउजच्या कापडाला लावतात. कारण उघड आहे. साडी आली की ब्लाउज आलाच, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई बऱ्याचदा कापडाच्या किमतीच्या वर जाते, आणि सणासुदीला टेलरच्या दुकानाच्या खेपा घालून जीव मेटाकुटीला येतो. पण शिकायच्या दृष्टीनं ब्लाउज अगदी शेवटी घ्यायचा. मीटरभर कापडात टक्स, मुंढा, बाही, गळापट्टी, अस्तर, हुकपट्टी असं सगळं येतं, आणि न ताणणारं कापड अंगाच्या प्रत्येक गोलाईवर चापून बसवायचं असतं. अर्ध्या इंचाची चूक सैल कुर्त्यात कुणाला दिसत नाही. ब्लाउजमध्ये ती हूक लागू देत नाही. पहिला ब्लाउज असा फसला की मशीनवर कव्हर चढतं आणि थोड्याच दिवसांत त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे साठायला लागतात.

टेलरचा हात बसलेला असतो. मापाचा ब्लाउज पाहून कुठे किती धरायचं हे त्याला अनुभवानं कळतं, आणि हाच त्याचा धंदा असल्यामुळे गिऱ्हाइकाला मधेच बोलावून अर्धवट कपडा अंगावर घालून बघणं त्याला परवडत नाही. तुमच्याकडे तो हात नाही. पण ज्याच्या अंगावर कपडा जायचा आहे ते माणूस घरातच आहे. बहुधा तुम्हीच आहात. बाही लावण्याआधी, बाजू बंद करण्याआधी, खालची दुमड घालण्याआधी तुम्ही तो अंगावर चढवून आरशासमोर उभ्या राहू शकता. घरच्या शिवणाची खरी ताकद इथे आहे, आणि नेमकं हेच आपण करत नाही, कारण क्लासमध्ये आपल्याला पद्धत शिकवली जाते ती टेलरची: माप, ड्राफ्टिंग, कटिंग, टीप, संपलं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं हा क्रम मधेमधे तोडण्यासाठीच.

सुरुवात पिशवी आणि उशीच्या अभ्र्यानं करा. कंटाळवाणं वाटेल, पण सरळ टीप, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड वळवणं आणि टोकाला उलटी टीप मारून दोरा पक्का करणं हे तिथेच हातात बसतं. त्यानंतर परकर. ही आपल्याकडची फार चांगली शाळा आहे आणि तिला उगाच कमी लेखलं जातं. सहा कळ्यांच्या परकराचा हिशेब असा: 36 इंच पन्ह्याचं पॉपलीन सव्वादोन मीटर घ्या, भिजवून वाळवा आणि त्याचे 39 इंच लांबीचे दोन तुकडे काढा. प्रत्येकात तीन कळ्या बसतात. कळी वर 7 इंच, खाली 12 इंच. शेजारच्या कळ्या एकीचं डोकं वर, दुसरीचं खाली अशा मांडायच्या. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईत गेला की कळी वर 6 आणि खाली 11 राहते. म्हणजे वरचा घेर 36 आणि खालचा 66. पन्ह्यातून कडेला जवळजवळ पाच इंचांची लांब पट्टी उरते, तिच्यातून नेफा निघतो. सीट 38 ते 40 असलेल्या बाईला हा परकर नीट होतो. त्याहून मोठ्या मापाला कळी वरखाली अर्धा-अर्धा इंच वाढवा.

या एका परकरात तिरप्या कडेचा पहिला धडा मिळतो. विणलेलं कापड उभ्या आणि आडव्या धाग्यावर फारसं ताणत नाही, पण उरेब ओढलं की रबरासारखं लांबतं. कळीची तिरपी कड याच कारणानं लहरते. म्हणून टीप नेहमी खालच्या रुंद टोकाकडून वरच्या अरुंद टोकाकडे मारावी, आणि कापड हातानं पुढे ओढू नये. मशीनचे दाते ते आपोआप नेतात. शिवून झाल्यावर परकर रात्रभर टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घाला. तिरपा भाग स्वतःच्या वजनानं थोडा खाली येतो. लगेच दुमड घातली तर दोन धुण्यांनंतर घेर कुठे वर, कुठे खाली दिसतो.

परकरानंतर बाळाचं झबलं, मग सरळ कुर्ता, आणि तोही पुरेसा सैल. झबलं मऊ मलमलीचं, बटणांऐवजी बंद लावलेलं, आणि जमलं तर शिवणी बाहेरच्या बाजूला घेतलेलं. बाळाच्या त्वचेला आतली शिवण टोचते हे जुन्या बायकांना ठाऊक होतं.

कापड घेताना मोह आवरा. मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरची हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड नि तुळशीबाग इथे गेलं की हात जॉर्जेट, साटीन, क्रेपकडे जातो. ही कापडं कात्रीखालून निसटतात, सुईखाली सरकतात आणि उसवलं की भोकं दाखवतात. पहिलं वर्षभर पॉपलीन, केंब्रिक, जाडसर खादी. शिकणाऱ्यानं सरावाला बारीक चौकड्यांचं सुती कापड घ्यावं असं माझं मत आहे. त्यातल्या रेघा म्हणजेच उभा-आडवा धागा, त्यामुळे कापड तिरकं मांडलं गेलं तर डोळ्यांना लगेच दिसतं. चौकड्या शिवणीत जुळवण्याचा हट्ट मात्र इतक्यात धरू नका. साध्या पॉपलीनची आडवी कड सरळ करायची असेल तर काठाला कात्रीनं छोटी चीर द्या आणि कापड फाडा. ते धाग्यावरच फाटतं. दुकानदार हेच करतो, आपण उगाच घाबरतो.

सुती कापड कापण्याआधी भिजवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतं ते अस्तर, सुती लेस आणि फॉल. बाहेरचं कापड न आटता अस्तर आटलं तर पहिल्याच धुण्यात ब्लाउज आतून चुरगळतो, आणि न भिजवलेला फॉल चांगल्या साडीच्या काठाला कायमच्या सुरकुत्या पाडतो. गडद रंगाचं कापड मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो यावर फार विसंबू नका. एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहा, आणि रंग लागला तर त्याच्याबरोबर पांढरं अस्तर लावू नका, इतकंच.

मशीन नवं घ्यायची घाई नको. घरात आजीचं किंवा सासूबाईंचं काळं पायमशीन असेल तर ते आधी कारागिराकडून साफ करून घ्या. ते फक्त सरळ टीप मारतं, पण ती टीप उत्तम असते. खण, जीन्स, चार पदरी दुमड, काहीही शिवतं, आणि वीज गेली तरी चालतं. झिगझॅग नि काजं करणारं विजेचं छोटं मशीन सोयीचं खरं, पण त्याच्या शेकडो नक्ष्यांपैकी दोन-तीनच वापरात राहतात. इंटरलॉकचं वेगळं मशीन तर हौशी माणसाला मुळीच लागत नाही. पातळ कापडाला दुहेरी शिवण घ्या: आधी उलट्या बाजू आतल्या आत ठेवून कडेजवळ एक टीप, जास्तीचे धागे छाटून कापड पलटायचं, मग दुसरी टीप. कड आत बंद होते. जाड कापड गल्लीतल्या इंटरलॉकवाल्याकडून करून आणा.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल काही महिन्यांत चिकटतं आणि मशीन जड चालायला लागतं. दात्यांखाली साठलेला कापसाचा बुरा जुन्या टूथब्रशनं काढत जा. सुई हा तर आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मोडेपर्यंत ती कुणी बदलत नाही. बोथट सुई टाके गाळते, पातळ कापडाचे धागे ओढते. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर ती बदलावी. मलमल आणि रुबियाला 11 नंबर, पॉपलीनला 14, खणाला किंवा जाड खादीला 16, जीन्सला 18. घरगुती मशीनच्या सुईचं वरचं टोक एका बाजूनं चपटं असतं आणि त्याच्या विरुद्ध बाजूला लांब खोबण असते. दोरा नेहमी खोबणीच्या बाजूनं ओवायचा. उलटा ओवला तर टाका पडतच नाही. कापडाखाली दोऱ्याची वेटोळी जमू लागली की सगळ्या जणी बॉबिन उचकटतात, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा पाय खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या बंद असतात आणि तो त्यांच्यात बसत नाही. पाय वर उचला, दोरा पहिल्यापासून ओवा. निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यानं मिटतात.

आता मापं. स्वतःची मापं स्वतः घेऊ नका. टेप वाचायला मान खाली घातली की पाठ वाकते आणि माप बदलतं. बहीण, मुलगी, नवरा, कुणीही चालेल. त्या कपड्याखाली जी अंतर्वस्त्रं घालणार तीच घालून मापं घ्यावीत. जुना कापडी टेप वापरून ताणलेला असतो, तो एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. दुकानात मीटर आणि वहीत इंच हा आपल्याकडचा जुना घोळ आहे. एक मीटर म्हणजे 39 इंच आणि थोडं वर, एवढं लक्षात असलं की भागतं. छाती, कंबर, सीट सगळे घेतात. राहून जातात ती दोन मापं: पाठीची रुंदी, आणि खांद्यापासून छातीच्या सगळ्यात उंच भागापर्यंतचं अंतर. छाती 36 असलेल्या दोन बायकांमध्ये हे दुसरं अंतर सहज इंच-दीड इंचानं वेगळं असतं. टक्स चुकीच्या जागी संपतात ते या मापाच्या अभावी.

क्लासमधल्या सूत्रांत छातीच्या मापावरून मुंढा, गळा, खांदा असं सगळं काढतात. अंदाजाला ते ठीक आहे. पण जाड बाईचे खांदे छातीच्या प्रमाणात रुंद होत नाहीत, म्हणून मोठ्या मापाला सूत्रावरचा खांदा बहुधा दंडावर उतरतो. सूत्र आणि प्रत्यक्ष माप यांत फरक पडला तर मापावर विश्वास ठेवा. त्याहून सोपी वाट म्हणजे नीट बसणारा एखादा जुना ब्लाउज उसवायचा, प्रत्येक तुकड्याला इस्त्री करायची आणि खाकी कागदावर त्याची आखणी करून घ्यायची. परदेशात राहणाऱ्यांना छापील कागदी आराखडे सहज मिळतात, पण त्यांची रीत वेगळी आहे. अमेरिकी कंपन्यांच्या आराखड्यांत बहुधा 5/8 इंच शिलाई धरलेली असते, जर्मन बुर्डा मासिकातल्या आराखड्यांत ती धरलेलीच नसते, आणि आराखड्याचा साइज तयार कपड्याच्या साइजशी जुळत नाही. पाकिटावरचा तक्ता इंचांत वाचूनच कापायला घ्या.

ब्लाउजला हात घालायची वेळ आली की आधी मांजरपाट आणा. स्वस्त असतो, ताणत नाही, पेन्सिलीची खूण घेतो. आराखडा मांजरपाटावर कापा, बाजूंना दीड इंच माया ठेवा, आणि हातानं लांब धावदोरा घालून किंवा मशीनचा टाका सगळ्यात लांब करून जोडा. अस्तर नको, हूक नको; पुढचा भाग टाचण्यांनी बंद करा. आता तो अंगावर घालून आरशासमोर उभ्या राहा, आणि मग बसा, वाका, डोक्यावरच्या फळीवरून डबा काढल्यासारखा हात वर करा. टेलरच्या दुकानात हे कधीच होत नाही. तिथे आपण ताठ उभ्या राहतो आणि ‘बरा आहे’ म्हणून निघतो.

कापडावर उमटणाऱ्या सुरकुत्या वाचायला शिका. ताणलेली सुरकुती नेहमी जिथे कापड कमी पडतं तिकडे बोट दाखवते. पाठीवर आडव्या रेघा म्हणजे पाठ किंवा बाजू घट्ट. तिथे टाके उसवून माया सोडा. छातीच्या उंच भागापासून काखेकडे तिरप्या ओढी गेल्या असतील तर टक लहान पडतो आहे. खांद्याच्या टोकापाशी कापड सैल होऊन घडी पडते ती उतरत्या खांद्यांमुळे. खांद्याची शिवण टोकाकडे पाव ते अर्धा इंच खाली घ्या, आणि मुंढाही तळाशी तेवढाच खाली न्या. पुढचा गळा उघडा पडत असेल तर गळापट्टी ताणून काही होत नाही. खांद्यावर गळ्याच्या बाजूला थोडं चिमटीत धरून बघा. बहुधा तेवढ्यानं गळा अंगाला लागतो. मुंढ्याची किंवा गळ्याची गोलाई कापून झाली की लगेच कडेपासून पाव इंचावर एक टीप मारून ठेवा, कारण त्यातला काही भाग उरेब असतो आणि हाताळता हाताळता लांबतो.

सगळ्यात जास्त गैरसमज मुंढ्याबद्दल आहे. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, कंबरेची पट्टी बरगड्यांवर येते, म्हणून बायका टेलरला ‘मुंढा सैल करा’ सांगतात. टेलर मुंढा खाली कापतो आणि त्रास वाढतो. हात उचलताना काखेच्या खालचं कापड वर ओढलं जातं. मुंढा जितका खाली, तितकी बाही आणि ब्लाउज यांची शिवण शरीरापासून लांब आणि तितका मोठा भाग हाताबरोबर वर जातो. मुंढा काखेच्या जवळ, न काचता, जितका वर राहील तितका हात मोकळा फिरतो. काचत असेल तर तो समोरच्या बाजूनं जरा आत कोरून घ्या. तळाला पाव इंचाहून अधिक खाली जाऊ नका, आणि तेही मांजरपाटावर पाहून. जोडीला बाहीचा वरचा गोल भाग फार उंच आणि अरुंद असला तरी हात अडकतो. तो थोडा बुटका करून दंडाला रुंद करा. मग उभं राहिल्यावर काखेत किंचित चुणी दिसेल. ती राहू द्या. हात हलवायचा असेल तर ती लागतेच. तयार कपड्यांच्या जाहिरातीतली बिनसुरकुतीची बाही हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या बाईची असते.

बाह्या कापताना पुढची बाजू मागच्यापेक्षा जरा जास्त कोरलेली असते. दोन्ही बाह्या सुलटीवर सुलटी ठेवून एकदम कापा आणि पुढच्या बाजूला छोटी खाच द्या, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मांजरपाटावरच्या दुरुस्त्या कागदी आराखड्यावर उतरवा, तारीख घाला. वजन बदललं की पुन्हा एकदा घालून पाहायचं. खरा ब्लाउज आधी रुबियाचा, बिनअस्तराचा. खण, रेशीम वगैरे त्यानंतर.

प्रत्येक शिवण झाली की दुसरी शिवण तिच्यावरून जाण्याआधी इस्त्री करा. आणि इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, उचला. घासल्यानं उरेब कडा लांबतात. घरी शिवलेला कपडा घरचा दिसतो तो मुख्यतः इस्त्री अभावी. टीप थोडी वाकडी असली तरी नीट दाबलेली शिवण खपून जाते.

घरात शिवणासाठी वेगळी खोली फार थोड्यांना मिळते. जेवणाचं टेबल दोन तास अडवता येतं, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. म्हणून काम तोडून ठेवा. मापं आणि कटिंगला डोकं ताजं लागतं, ते सकाळी किंवा सुटीच्या दुपारी; दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री कात्री हातात घेऊ नये. मशीनचं काम अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत होतं. हातशिलाई, हूक, काजं, उसवणं हे टीव्हीसमोर बसूनही चालतं. एका कपड्याचे सगळे तुकडे, दोरा, हूक एकाच पिशवीत ठेवा म्हणजे आठवडाभर हात लागला नाही तरी काही हरवत नाही. टाचण्या मोजून ठेवायची आणि शेवटी जमिनीवर लोहचुंबक फिरवायची सवय रांगतं मूल असलेल्या घरात सक्तीची समजा. कापडाच्या कात्रीनं कुणी दुधाची पिशवी कापू नये म्हणून ती कुलपात ठेवली तरी त्यात काही वावगं नाही.

शिकावं कुठे? आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि स्युइंग टेक्नॉलॉजी असे वर्षभराचे अभ्यासक्रम आहेत, पण ते धंदा करू इच्छिणाऱ्यांसाठी. हौशी माणसाला गल्लीतल्या बाईंचा तीन महिन्यांचा क्लास पुरतो. मोबाइलवरचे व्हिडिओ एखादी युक्ती दाखवतात. तुमचा हात कापड ओढतो आहे हे मात्र समोर उभ्या असलेल्या बाईंनाच दिसतं. क्लासच्या वहीत चौथाई मापाचे खाकी कागदाचे तुकडे चिकटवायला लावतात, ती वही टाकू नका. तिच्यातच पुढे आपलं लिहीत जा: कपडा, कापडाचा टाचलेला तुकडा, किती मीटर लागलं, कुठे किती बदललं, धुतल्यावर काय झालं.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी फारशी बचत होत नाही. दोरे, सुया, फसलेलं कापड धरलं तर टेलर स्वस्त पडला असता असंही होतं. बचत दिसते ती दुरुस्त्यांत: बाजू सैल करणं, पँटची दुमड, कुर्त्याची बाही, शाळेच्या गणवेशाची शिवण. अशा कामांसाठी महिन्यातली एक दुपार राखून ठेवा, नाहीतर नव्या शिवणाच्या वेळेवर तीच कामं येऊन बसतात.

आणि मशीन घरात आहे हे कळलं की शेजारपाजारच्या साड्या यायला लागतात. ‘जरा फॉल लावून दे गं, तुला काय, पाच मिनिटांचं काम.’ फॉल लावायला तास जातो, आणि तुमच्या कुर्त्याची एक बाही महिनाभर पिशवीत पडून राहते. नाही म्हणायला जड जात असेल तर साडी ठेवून घेऊ नका. म्हणावं, रविवारी अकराला ये, फॉल आधी भिजवून आण. कच्चे टाके मी घालून देते, हातशिलाई तू कर.